पेपरवरचं दुसरं नाव

माझा पहिला मोठा पेपर छापून आला तेव्हा त्यावर दोन नावं होती. पहिलं माझं, दुसरं त्याचं. आजही कुठं अर्ज करायचा झाला की प्रकाशित कामांत तो पेपर लिहावाच लागतो, कारण माझं पुढचं सगळं काम त्याच्यावरच उभं आहे. तो लिहायचा म्हणजे त्याचं नावही लिहायचं. इतकी वर्षं झाली, तरी त्या नावापाशी माझी बोटं अडखळतात.

मी गुरांची डॉक्टर. आमचं गाव कागल तालुक्यातलं, बिद्रीच्या रस्त्याला. वडील साखर कारखान्यात फिटर होते. घर बौद्ध. माझ्या आजोबांच्या तरुणपणापर्यंत गावातलं मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम आमच्या वाड्याकडं असायचं. धम्म घेतल्यावर आजोबांनी ते सोडलं, त्यापायी मारही खाल्ला, आणि पुन्हा कधी त्या कामाला हात लावला नाही. म्हणून मी पशुवैद्यकीयला प्रवेश घेते म्हटल्यावर वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "ज्या कामातनं आमचा बा बाहेर पडला, त्यातच तू परत शिरणार?"

मी म्हटलं, "आण्णा, मी जित्या जनावरांची डॉक्टर होणार हाय."

ते हसले नाहीत, पण फी भरायला स्वतः आले.

तो मला कॉलेजात भेटला. आमच्या शेजारच्याच गावचा, बागायतदाराचा मुलगा. घरी म्हशी, ऊस, गावच्या दूध संस्थेत चुलता चेअरमन. वर्गात आम्ही दोघंच एका पट्ट्यातले, त्यामुळं सुट्टीला गावी जाताना एसटीत एकत्र असायचो. तो बोलका होता. कंडक्टरपासून प्राध्यापकांपर्यंत कुणालाही दोन मिनिटांत आपलंसं करायचा. मला ते जमत नव्हतं. मी परीक्षेत पुढं असायचे आणि तो लोकांत. आमच्या घरी आला की सरळ चुलीपुढं पाट ओढून बसायचा आणि माझ्या आईला म्हणायचा, "आई, भाकरी टाका." बागायतदाराचं पोरगं असं येऊन बसतं याचं आईला फार कौतुक होतं. ती त्याला माझ्याआधी वाढायची. वडील मात्र मला म्हणायचे, "एवढा भरवसा ठेवू नको."

नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरजवळच्या एका संशोधन केंद्रात लागले आणि नोकरी करतच पीएचडीचं काम घेतलं. विषय मला गावानंच दिला. आमच्याकडं कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाचं वाढं, म्हणजे तोडलेल्या उसाचा शेंड्याकडचा हिरवा भाग, गाडीच्या गाडी दारात येऊन पडतं. हंगामभर म्हशींना दुसरं काही मिळत नाही. म्हशी आवडीनं खातात, पोट भरलेलं दिसतं, दूधही येतं. पण व्यायल्यानंतर त्या वेळेवर माजावर येत नाहीत. माज नाही तर भरवता येत नाही, आणि म्हैस गाभण नाही तर पुढचं दूध नाही. लोक म्हणायचे, नजर लागली, नाहीतर म्हैसच खोटी निघाली. वाढ्यात एक आम्ल असतं, ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, हे पुस्तकात होतं. पण आमच्या गोठ्यांत त्याचा माजावर नेमका काय परिणाम होतो, आणि त्यावर शेतकऱ्याला परवडेल असा उपाय कोणता, हे कुणी तपासलं नव्हतं. ते मला तपासायचं होतं.

त्यासाठी गोठे हवे होते. सरकारी फार्मवरच्या म्हशी चालणार नव्हत्या, त्यांना खुराक ठरलेला. घराघरातल्या म्हशी हव्या होत्या. मी माझ्या आणि शेजारच्या गावात फिरले. लोक आदरानं बोलले, पण कुणी गोठ्यात घेईना. बाई माणूस म्हशीच्या आत हात घालून तपासणार हे त्यांना पटत नव्हतं, आणि दुसरं जे पटत नव्हतं ते कुणी तोंडानं बोलत नव्हतं. ते मला बोलल्याशिवायही समजत होतं.

तेव्हा तो मदतीला आला. तो दूध संघात डॉक्टर होता. रविवारी मोटरसायकल घेऊन यायचा, मला मागं बसवून त्याच्या गावात न्यायचा आणि दारात उभा राहून सांगायचा, "ही आमच्या बॅचची पहिली. हिच्या हातात म्हस द्या, मी जबाबदार."

पहिली म्हैस दिली ती त्याच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं. तिला सगळं गाव काकी म्हणायचं, मीही म्हणायला लागले. नवरा वारलेला, एक मुलगा, दोन म्हशी. आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला ऐकू जावं. मी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली होती. कुणीतरी म्हणालं, "बाईचं काम हाय का हे?"

काकी दावं धरून उभी होती. तिथनंच ओरडली, "बाळंतपण काय तुझ्या बानं केलंतं व्हय? व्हय माघारी!"

लोक हसले आणि पांगले. मी तपासून सांगितलं, "काकी, म्हशीत दोष काही नाही. अंडाशय नुसतं झोपलंय."

"मग उठीव की त्याला," काकी म्हणाली.

त्या दिवसापासून मला तिथं दारं उघडी झाली.

दोन हंगाम काम चाललं. म्हशींचे तीन गट केले. पहिल्याला नेहमीसारखं नुसतं वाढं. दुसऱ्याला वाढं तेवढंच ठेवून वर खनिज मिश्रणाची पावडर. तिसऱ्याला पावडर तर होतीच, शिवाय निम्मं वाढं काढून त्या जागी ज्वारीचा कडबा आणि थोडा हिरवा चारा. रक्त काढायचं, बर्फाच्या डब्यातून कोल्हापूरला न्यायचं, पुन्हा ठरल्या वेळी येऊन म्हशी तपासायच्या. तपासणी, रक्त, प्रयोगशाळा, आकडेमोड मी केली. तो लोकांना बांधून ठेवायचा. कुणी मध्येच चारा बदलला की समजावायचा, कुणी कंटाळलं की त्याच्या ओट्यावर जाऊन गप्पा मारायचा. हे काम लहान नव्हतं. म्हणून पेपर लिहिताना त्याचं नाव घालायचं मीच ठरवलं. माझे मार्गदर्शक म्हणाले होते, "आभारात घाला, पुरेसं आहे." मी ऐकलं नाही.

निकाल स्पष्ट निघाला. तिसऱ्या गटातल्या म्हशी बऱ्याच लवकर माजावर आल्या आणि बहुतेक गाभण राहिल्या. दुसऱ्या गटात, जिथं वाढं तसंच ठेवून नुसती पावडर दिली होती, तिथं पहिल्या गटाहून सांगण्यासारखा फरक पडला नव्हता. म्हणजे चारा न बदलता नुसती पावडर खायला घालणं जवळपास वाया. पेपरच्या शेवटच्या परिच्छेदात मी हेच लिहिलं होतं.

पेपर इंग्रजीत छापून आला. गावाला तो कसा कळणार, म्हणून मी त्याच्या गावच्या दूध संस्थेच्या हॉलमध्ये लोकांना बोलावून सगळं मराठीत सांगितलं. तो शेजारी उभा होता. माझं बोलणं लोकांना जड गेलं असं वाटून शेवटी त्यानंच सोपं करून सांगितलं, "वाढं निम्मं करा. पावडर त्याच्यासंगट. नुसत्या पावडरीनं काय हुणार न्हाय." काकी पुढच्या रांगेत होती. तिनं मान डोलावली. मला त्या दिवशी वाटलं होतं की आपलं शिकणं कारणी लागलं.

पुढं त्यानं नोकरी सोडली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत प्लॉट घेतला आणि पशुखाद्य, खनिज मिश्रण असं बनवायला लागला. मला आनंदच झाला. चांगली पावडर जवळ मिळाली तर शेतकऱ्याचीच सोय. उद्घाटनाला मी गेले होते, आईही आली होती. त्यानं सगळ्यांसमोर वाकून आईला नमस्कार केला. आमच्या केंद्राचे प्रमुखही पाहुणे म्हणून आले होते. त्यानंतर मी कामात, तो धंद्यात, भेटी कमी झाल्या. फोनवर म्हणायचा, "मॅडम, तुमच्या कृपेनं बरं चाललंय." मी ते चेष्टेत घ्यायचे.

एक दिवस काकी एसटीनं कोल्हापूरला माझ्या ऑफिसात आली. एकटी, विचारत विचारत. शिपायानं आत आणलं तर खुर्चीवर टेकायच्या आधीच पिशवीतनं एक प्लास्टिकचा पुडा काढून टेबलावर ठेवला. रिकामा, स्वच्छ धुतलेला, चार घड्या घातलेला.

"हे बघ. आपण दोघी हाय की ह्याच्यावर."

मी पुडा उलगडला. खरंच आम्ही दोघी होतो. मी गमबूट आणि ॲप्रनमध्ये, शेजारी दावं धरून काकी, मध्ये तिची म्हैस. हा फोटो त्यानंच काढला होता, कामाच्या पहिल्या हंगामात. वर लाल अक्षरात लिहिलं होतं: वाढ्यावरची म्हैसही हमखास माजावर. खाली: संशोधनाने सिद्ध. आणि त्याखाली बारीक अक्षरात आमच्या पेपरचं नाव, आमची दोघांची नावं, माझ्या पदवीसकट.

काकी सांगत होती, "ल्योक म्हणला, आता वाडं कमी करायचं काम न्हाय. डाक्टरीणबाईनं नवा शोध लावलाय. नुसती पावडर घाला. म्या हंगामभर घातली की. पर म्हस काय माजावर येईना बघ. मागली बी तशीच बसली हाय. गल्लीत सगळ्यांचंच तसं झालंय. म्हणलं, जाऊन तुलाच इचारावं. चमचा कमी पडतोय का काय?"

ती माझ्यावर चिडलेली नव्हती. तिला वाटत होतं, चूक तिच्याच हातून झाली.

"काकी, हे मी सांगितलेलं नाही," मी म्हटलं. "हॉलमध्ये काय सांगितलं होतं आठवतंय ना? वाढं निम्मं करायचं."

"ते जुनं न्हवं का? हे नवं हाय. फोटू बी हाय तुजा."

तिला एसटीत बसवून दिलं आणि मी तशीच कागलची गाडी धरली.

तो केबिनमध्ये होता. मला बघून उठला, चहा सांगितला. मी पुडा त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि हसून म्हणाला, "फोटो बरा आलाय की."

"यावर लिहिलंय ते आपल्या पेपरमध्ये नाही. उलट लिहिलंय आपण. तुला माहीत आहे."

"कोण वाचतंय तो पेपर?"

"तू वाचलायस. तुझं नाव आहे त्यावर."

"म्हणूनच वापरला. मीपण लेखक हाय त्याचा." तो खुर्चीत मागं टेकला. "हे बघ, तिसऱ्या गटात काय होतं? कडबा. आता कडबा काय मी मशिनीत बनवू? जे विकता येतंय ते मी विकतोय. पावडर चांगली हाय. त्यात भेसळ असली तर सांग."

"भेसळ पावडरीत नाही, निकालात केलीस. लोकांच्या म्हशी बसल्यात. काकीची बसलीय."

"काकीच्या पोराला मी एजन्सी दिलीय. त्याचं घर चाललंय त्यावर. ते नाही सांगितलं तिनं?"

हे मला माहीत नव्हतं. माझा चेहरा बघून त्याला वाटलं, मी नरमले. तो म्हणाला, "तुलाही सल्लागार म्हणून घेतो. आधीच विचारणार होतो."

मी म्हटलं, "माझा फोटो आणि माझं नाव काढ. आणि खरं काय ते छाप."

तेव्हा त्याचा आवाज बदलला. तसा आवाज मी त्याच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. तो म्हणाला, "एक विचारू? माझ्याशिवाय तुला त्या गल्लीत कुणी उंबरा ओलांडू दिला असता का?"

चहा आला होता. चहा आणणारा माणूस कप ठेवून घाईनं निघून गेला.

आमच्या चुलीपुढं पाट ओढून बसलेला तो, आईला नमस्कार करणारा तो, दारादारात मी जबाबदार म्हणणारा तो, हे सगळं त्या एका वाक्यानं फिरलं. मी ज्याला मैत्री समजत होते ते त्याच्या लेखी उपकार होते, आणि आता ते फेडायची वेळ झाली होती. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी पुडा उचलला आणि बाहेर आले. हायवेपर्यंत चालत गेले. मालाचे ट्रक अंगावरनं जात होते आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की तो म्हणाला ते खोटंही नव्हतं. दुखत होतं ते त्यामुळंच.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांना भेटले. त्यांनी पुडा बघितला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आपल्या केंद्राचं काम बाजारात पोचलं असंच लोक म्हणतील. कशाला वाढवता? तुमचे स्नेही आहेत ते." मी लेखी तक्रार दिली. ती त्यांनी ठेवून घेतली. तिचं पुढं काय झालं ते मला कधी कळवलं गेलं नाही.

मग मी पुन्हा त्या गावच्या दूध संस्थेत गेले. तोच हॉल, बरेचसे तेच लोक. मी पेपर उघडून शेवटचा परिच्छेद मराठीत वाचून दाखवला. म्हटलं, "पुड्यावर छापलंय ते मी सांगितलेलं नाही. चारा बदलल्याशिवाय पावडर घालू नका."

मग त्याचा चेअरमन चुलता शांतपणे म्हणाला, "बाई, तुमची भागीदारी फिस्कटली असंल. ते तुमचं तुम्ही बघा. गावात भांडान नगं."

"भागीदारी कसली? मी त्याच्याकडून काही घेतलेलं नाही."

"आमचा पोरगा खोटं बोलतोय म्हणायचं व्हय तुम्हाला? त्यानंच आणलंतं तुम्हाला हितं."

मी काकीकडं बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून. शेजारी तिचा मुलगा होता. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई. तिनं नुसतं म्हटलं असतं की मी वापरली, गुण आला नाही, तर लोकांनी ऐकलं असतं. मी तिच्या तोंडाकडं बघत थांबले. ती जमिनीकडं बघत राहिली.

मी माझे कागद गोळा केले आणि निघाले. दारापर्यंत पोचवायला कुणी उठलं नाही.

घरी आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. "त्याचा काहीतरी गैरसमज झाला असंल," म्हणत राहिली. वडील म्हणाले, "गैरसमज तुझा झालता, आणि हिचा." एवढंच. मी तुला सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

पुढं वकिलाची नोटीस पाठवल्यावर त्यानं पुड्यावरचा फोटो बदलला. माझ्या जागी पांढऱ्या कोटातली एक गोरी, अनोळखी बाई आली. फोटोतनं काकीही गेली, म्हैस मात्र राहिली. संशोधनाने सिद्ध हे शब्द तसेच होते, फक्त कुणाचं संशोधन ते आता लिहिलेलं नव्हतं. धंदा चालला. काही वर्षांनी लोकांनी पावडर बदलली, दुसऱ्या कुणाची घेतली, वाढं तेवढंच राहिलं.

मी त्या गावात काम करणं थांबवलं, पण विषय सोडला नाही. पन्हाळ्याकडच्या वाड्या-वस्त्यांवर नव्यानं सुरुवात केली. तिथं मला कुणी दारात नेऊन उभं केलं नाही. स्वतः जाऊन सांगितलं, मी कोण, कुठली, कोणत्या घरची. काहींनी नाही म्हटलं. काहींनी गोठा दाखवला. काम सावकाश झालं. वाढं कापून, त्यात चुन्याची निवळी घालून मुरवलं तर म्हशीला किती झेपतं, हे त्यातनं पुढं आलं आणि तेही छापून आलं.

काकी मला एकदाच भेटली, कागलच्या एका लग्नात. खूप थकली होती. तिनं माझा हात धरला आणि हळू म्हणाली, "पोराचं प्वाट हाय त्यात. काय बोलणार व्हतो गं मी?"

मी म्हटलं, "बरोबर आहे, काकी."

बरोबर होतं की नाही ते मला आजही ठरवता येत नाही. तिला जागा करून दिली, पंगतीत शेजारी बसले, तिच्या ताटात वाढणाऱ्याला भात कमी घालायला सांगितलं. ती सुनेचं, नातवाचं सांगत राहिली. म्हशींविषयी तिनं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निघताना ती म्हणाली, "ये की एकदा घरला." मी मान हलवली. गेले नाही.

संशोधन एकट्यानं होत नाही, त्यामुळं त्यानंतरच्या माझ्या पेपरांवरही दुसऱ्यांची नावं आहेत. विद्यार्थी, सहकारी, प्रयोगशाळेतली माणसं. त्यांनी काम केलंय, नाव त्यांचा हक्क आहे, ते मी घालते. फक्त प्रत्येक वेळी पेपर पाठवायच्या आधी त्या माणसाला समोर बसवते आणि शेवटचा परिच्छेद त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेते. मुलांना ती माझी विचित्र सवय वाटते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे कशासाठी?"

मी तिला म्हटलं, "वाच आधी."